घासभर फॉस्फेट

खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारी माणसं कटकटी होत जातात, असं म्हणतात. मी आधीच कटकटी होते, टाकी नंतर आली. जुईनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या लांब भिंतीला लागून ती उभी आहे. भांडण झालं की मी खुर्ची ओढून तिच्यासमोर जाऊन बसते, म्हणून नवरा तिला माझं माहेर म्हणतो. टाकीत केशरी-पांढऱ्या माशांची जोडी आहे, एक आगाऊ पिवळा मासा आहे आणि दगडांवर मऊ जातीची प्रवाळं आहेत. त्यातली माझी लाडकी म्हणजे बशीएवढी पसरणारी, कडांना झालर असलेली. दुकानात त्यांना मश्रूम म्हणतात, पण भाजीच्या मश्रूमशी त्यांचा काही संबंध नाही. ते जिवंत प्राणी आहेत, त्यांना मधोमध तोंड असतं आणि भूकही लागते.

या टाकीचं सगळं गणित भुकेचंच आहे. माशांना घातलेलं खाणं, त्यांनी टाकलेलं, त्यांच्या पोटातून गेलेलं, सगळं पाण्यात उतरतं आणि त्याचं नायट्रेट आणि फॉस्फेट होतं. ते वाढलं की शेवाळ माजतं. ते साफ संपलं तर प्रवाळं सुकतात, कारण त्यांनाही त्यातलंच थोडं लागतं. पाणी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी ठेवायचं असतं. दर रविवारी सकाळी मी काचेच्या छोट्या बाटलीत पाणी घेते, त्यात औषधाचे थेंब टाकते आणि चढलेला रंग खिडकीशी नेऊन कार्डावरच्या रंगांशी ताडून बघते. फॉस्फेटचा रंग निळा. तो जितका गडद, तितकी मी दिवसभर चिडलेली असते, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

बाबा आजारी पडले आणि आई-बाबा दोघंही गावाहून आमच्याकडे राहायला आले, तेव्हा या रंगाच्या जोडीला आणखी एक आकडा आला. बाबांच्या किडन्या थकल्या होत्या. रक्तातलं फॉस्फरस कमी ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. मासे बंद, दूध बंद, डाळ चमचाभर, भाज्या उकळून पाणी फेकून द्यायचं. म्हणजे टाकीत मी जे करत होते तेच आता ताटात करायचं होतं, आणि त्या कामाला घरात माझ्याइतकं लायक कोणी नव्हतं. जन्म कोकणात गेलेला, मासळीशिवाय घास न उतरणारा माणूस दुधीच्या फोडी चिवडत बसायचा. जेवण झालं की बाबा खुर्ची टाकीसमोर सरकवायचे. मी माशांसाठी आणलेली गोठवलेली कोलंबी वितळवून पाण्यात सोडली की मान हलवत म्हणायचे, "बघा. लेकीच्या घरी कोलंबी माशांना आणि दुधी बापाला."

आई तोंडाला पदर लावून हसायची. मीही हसायचे, आणि एकही कोलंबी त्यांना द्यायचे नाही. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. त्या पथ्यामुळेच ते आम्हाला थोडे जास्त लाभले. पण गेले ते मासळीची चव न घेता गेले, आणि ते मला अजून सहन होत नाही.

दहाव्याला खाडीकाठच्या घाटावर पिंड ठेवून आम्ही मागे सरून उभे राहिलो. कावळे होते. समोरच्या तारेवर ओळीने बसले होते आणि एकही खाली येत नव्हता. अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून शब्द द्यायचा असतो. भाऊ म्हणाला, आईला बघीन. मी म्हणाले, मीही बघीन. नवऱ्याने तर घाबरून गावचं घर पडू देणार नाही असंही सांगून टाकलं, जे त्याच्या हातातच नव्हतं. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला शिववला आणि आम्हाला मोकळं केलं. शास्त्रात चालतं हे, असं सगळ्यांनी आईला समजावलं.

"शास्त्रात चालत असेल," आई म्हणाली. "त्यांचं पोट भरलं का?"

सुतक फिटल्यावर आमच्यात मासे-मटणाचं तिखट जेवण करतात, तेही तिने करू दिलं नाही. ते उपाशी गेले आणि आपण काय ताटं वाढून बसायचं, म्हणाली. भाऊ पुण्याला परतला. आई आमच्याकडे राहिली.

त्यानंतर काही आठवड्यांनी टाकी बिघडायला लागली. आधी पाण्यावर तवंग दिसला. मग टाकीखालच्या कपाटातल्या स्किमरने दगा दिला. स्किमर म्हणजे पाण्यात बारीक बुडबुडे सोडून फेस काढणारं नळकांडं. त्या फेसाबरोबर पाण्यातली घाण वर येते. मी बेलापूरच्या ऑफिसातून घरी यावं आणि बघावं, तर फेस बसलेला. खरकट्या भांड्यातलं तूप लागलं की साबणाचा बसतो, तसा. दगडांवर तपकिरी शेवाळ चढलं, काचा दोन दिवसांत हिरव्या होऊ लागल्या, आणि रविवारची बाटली आठवड्यागणिक जास्तच निळी.

मी सगळे उपाय केले. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. पाणी बदललं. फॉस्फेट शोषून घेणारे तपकिरी दाणे मिळतात, ते आणून टाकले, मग दुप्पट टाकले. शेवाळ आपलं मजेत. मग मी घरात संशयित शोधायला लागले. स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वाफारा येतो म्हणून हॉलचा दरवाजा लावून घ्यायचा नियम काढला. तेलकट हात घालतोस ना पाण्यात, म्हणून नवऱ्याला धारेवर धरलं.

"मी कशाला हात घालू, यार?" तो बिचारा म्हणाला. "तो पिवळा चावतो मला."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. खरा प्रकार कळला एका रविवारी. टाकीतलं पाणी खाली जाताना एका कापडी पिशवीतून गाळून जातं. ती धुवायला म्हणून मी बेसिनमध्ये उलटी केली, आणि बोटाला भाताचं शीत लागलं. फुगलेलं, पांढरंशुभ्र. त्यामागे आणखी एक. मी ते बोटावर घेऊन तशीच हॉलमध्ये गेले. आई खिडकीशी बसून मेथी निवडत होती.

"आई, हे काय आहे?"

"शीत," आई म्हणाली. खोटं बोलणं तिला जन्मात जमलेलं नाही.

"ते टाकीच्या पिशवीत कसं आलं?"

"मी घालते ना. दुपारी जेवायला बसायच्या आधी. वरणभात, वर तूप. एकच घास घालते, त्यांचा."

नवऱ्याने मोबाइल खाली ठेवला. मी बोट तसंच धरून उभी. प्रवाळांची टाकी का बिघडते यावर मी जेवढं वाचलं होतं, जेवढे व्हिडिओ पाहिले होते, त्यात शेवाळाची ढीगभर कारणं दिली होती. वडिलांचा घास हे कारण त्यात कुठेच नव्हतं.

"तुमच्या खिडक्यांना ती कबुतरांची जाळी," आई सांगत होती. "कावळा येणार कुठून? मग कुठे ठेवू मी? कुठल्याही जिवाच्या तोंडी पडलं की पोचतं म्हणतात. आणि ते इथेच तर बसायचे. हे मासे ओळखतात मला आता. ताट घेऊन आले की काचेशी येतात."

यावर मी काहीतरी प्रेमाचं बोलायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तवंग आला. "आई, तूप!" मी ओरडले. "खाऱ्या पाण्यात तूप! मरतील ना सगळे!"

"मरतील?" आईच्या हातातली काडी खाली पडली. "अगो बाई. मग नाही घालत. बरं झालं सांगितलंस." आणि ती पुन्हा मेथी निवडायला लागली. न रागावता, न रडता. मला वाटलं, प्रश्न सुटला.

टाकीचा सुटला खरा. तवंग गेला, स्किमरचा फेस उभा राहिला, शेवाळ सोलून निघालं. दुप्पट टाकलेले ते दाणे मी काढले नाहीत; इतके दिवस छळलेलं फॉस्फेट आता पुरतं जाऊ दे, असा सूड मनात होता. एका रविवारी बाटलीतल्या पाण्याला रंगच चढला नाही. पाणी नुसतं पाण्यासारखं. इतकं कमी चांगलं नसतं हे मला माहीत होतं, पण मी नवऱ्याला बोलावून ती बाटली दाखवली, एखादं बक्षीस दाखवावं तशी. तो म्हणाला, "वा. पण तुझे ते मश्रूम जरा लहान दिसतायत." मी त्याला, तुला काय कळतं, म्हणाले.

त्याच सुमारास आईची ब्लाउजं सैल झाली. आधी मी लक्ष दिलं नाही. वय आहे, दुःख आहे. मग तिच्या खांद्याची हाडं पदरातून दिसायला लागली. तिला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, सगळं तपासलं, काही निघालं नाही. खायला घाला, एवढंच ते म्हणाले. मी लाडू केले, थालीपीठं केली, सानपाड्याहून तिच्या आवडीची केळी आणली. ती आमच्याबरोबर रात्री चार घास खायची आणि दुपारचं विचारलं की म्हणायची, जेवले हो.

ती जेवत नव्हती. आठवड्यातले काही दिवस मी घरून काम करते, पण आतल्या खोलीत दार लावून. एका दुपारी मीटिंग लवकर संपली म्हणून बाहेर आले, तर आई टाकीसमोरच्या खुर्चीत ताट मांडीवर घेऊन बसली होती. भात, वरण, भाजी, सगळं वाढलेलं, सगळं गार. केशरी जोडी काचेला नाक लावून वर-खाली करत होती. आई त्यांना हळूच म्हणत होती, "नाही रे बाळांनो. ती रागावते."

मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले. "आई, जेवत का नाहीस?"

"उतरत नाही गो." तिने ताटाची कड पदराने पुसली. "लग्न झाल्यापासून त्यांच्या आधी कधी जेवले नाही मी. उन्हातून उशिरा यायचे, तरी थांबायची. आता ते जेवले नाहीत हे मला माहीत आहे. मग मी कशी जेवू?"

"त्यांच्या नावाने तुळशीपाशी ठेव."

"तो नैवेद्य झाला. जेवण नव्हे."

"खाली गाईला देऊ या."

"आण तुमच्या सोसायटीत गाय," आई म्हणाली आणि थोडी हसली. तिच्या त्या हसण्याने मी अधिकच घाबरले, कारण गाल किती आत गेलेत ते तेव्हा नीट दिसलं. एकाला आपण पथ्यावर ठेवून गमावलं आणि दुसरीला काहीच कारण नसताना गमावणार, असं माझ्या मनात आलं. बाबांच्या वेळी निदान डॉक्टरांचा कागद होता. आईला मनाई मी केली होती, माशांसाठी. मी तिचं ताट घेतलं, भात गरम करून आणला, भरवायला गेले. तिने तोंड उघडलं, घास चावला आणि तो तसाच गालात धरून ठेवला. मुलीचं मन मोडवत नाही आणि गिळवत नाही, असं तिचं झालं होतं.

तिच्याकडे बघवेना म्हणून मी टाकीकडे बघितलं. नवरा म्हणाला होता ते खरंच होतं. बशीएवढे मश्रूम आकसून बटणाएवढे झाले होते. रंग उडून पांढुरके. झालर दिसतच नव्हती. पाणी इतकं नितळ, की पलीकडच्या भिंतीवरचा डाग दिसत होता, आणि त्या पाण्यात ते उपाशी मरत होते. माझ्या हातात आईच्या ताटातला भात होता.

मी मोठा विचार वगैरे केला नाही. दाणे निम्मे काढून टाकले; एकदम सगळे काढले तर तोही धक्काच. मश्रूमांना आता हाताने भरवायला लागणार होतं, आणि गोठवलेल्या कोलंबीची पाकिटं केव्हाच संपली होती. संध्याकाळी सानपाड्याच्या मासळी बाजारात गेले. बाबांचं पथ्य सुरू झाल्यापासून आमच्या घरात ओली मासळी आलीच नव्हती. नवरा बाहेर खाऊन यायचा आणि बडीशेप चघळत घरात शिरायचा.

"कोलबी बघ ताई," टोपलीवाली मावशी म्हणाली. "बारीक हाय पन ताजी हाय. कालवनाला घे."

मी कोलंबी घेतली, मूठभर तिसऱ्याही घेतल्या आणि पिशवी आईच्या पुढ्यात नेऊन ठेवली. "हे मश्रूमना घालायचंय," मी म्हटलं. "नीट साफ करून हवं. मला तुझ्यासारखं येत नाही."

हे खोटं नव्हतं. माझ्या हाताने कोलंबीचा काळा दोरा नेहमी अर्ध्यातच तुटतो. आईने पदर खोचला आणि विळी मांडली. एकेक कोलंबी सोलून, पाठीवर चीर देऊन, दोरा अखंड ओढून ती वाटीत टाकायला लागली, आणि कितीतरी दिवसांनी तिची बोटं घाईत दिसली. सगळं झाल्यावर सवयीने तिचा हात मिसळणाच्या डब्याकडे गेला.

"थांब! मीठ नको. हळद पण नको."

"समुद्रातल्यांना मीठ नको?"

"त्यांच्या पाण्यात आहे ना. मोजून घातलेलं."

आईचा हात डब्यावर थांबला. "अळणीच म्हणजे." तिने डब्याचं झाकण लावलं. "शेवटी शेवटी त्यांना तसंच दिलं आपण. खातील."

ती कोणाबद्दल बोलतेय हे मी विचारलं नाही. कोलंबी आणि तिसऱ्यांचं मांस आम्ही बारीक वाटलं, गाळणीत धरून नळाखाली धुतलं, कारण तो रस पाण्यात गेला की पुन्हा फॉस्फेट. उरलं ते गोठवायला बर्फाच्या ट्रेमध्ये भरायला घेतलं.

"भात तरी त्यांना कुठे आवडायचा," आई मध्येच म्हणाली. "कालवण जावं म्हणून खायचे. आणि मी मेली वरणभात घालत बसले. आजाऱ्याचं जेवण."

मग घासाघीस झाली. मी म्हटलं, यातला एक खडा, एक दिवसाआड. आई म्हणाली, एक दिवसाआड जेवतं का कोणी? मी तिला बाटली, निळा रंग, शेवाळ सगळं पुन्हा सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग अर्धा कर. पण रोज." हिशोब तोच होत होता. मला नाही म्हणायला जागाच राहिली नाही. तूप नाही, भात नाही, अर्धा खडा, रोज दुपारी, हे ठरलं. नवऱ्याने आम्हा दोघींकडे बघून, ही डील ऑफिसात कोणाला जमली नसती, असं सर्टिफिकेट दिलं.

वाटीतली थोडी कोलंबी आईने बाजूला काढून ठेवली होती. ती कशाला, हे त्या गडबडीत मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मी टाकीतले पंप बंद केले, म्हणजे खाणं वाहून जात नाही. अर्धा खडा टाकीच्याच पाण्यात वितळवून लांब नळीच्या ड्रॉपरमध्ये भरून आईच्या हातात दिला. पिवळा मासा लगेच आडवा आला. "जा रे, तुझं नाही हे," आईने त्याला दटावलं. ड्रॉपरचं टोक तिने सगळ्यात मोठ्या मश्रूमपाशी नेलं आणि कोलंबीचे कण त्याच्यावर अलगद सोडले.

काहीच झालं नाही. कण तसेच पडून राहिले. आई ड्रॉपर धरून वाकून उभी, मी तिच्या मागे. हा जीव फार खंगला असेल तर खाणारही नाही, हे मला माहीत होतं, आणि मी ते तिला सांगितलं नव्हतं. मला वाटलं की याने नाही खाल्लं तर आता माझ्याकडे काहीच उरलेलं नाही.

मग त्याची एक कड हलली, जेमतेम. थोड्या वेळाने दुसरी बाजू उचलली गेली. आणि मग चारी बाजूंनी कडा वर येत आत वळल्या, मोदकाच्या कळ्या एकत्र आणून तोंड मिटावं तशा, आणि सगळे कण आत घेऊन तो बंद झाला.

आईने ड्रॉपर माझ्या हातात दिला. काचेवर तळवा टेकून ती थोडा वेळ उभी राहिली. "जेवले," ती म्हणाली आणि डोळे पुसून स्वयंपाकघरात गेली.

मी पंप चालू करत होते तेव्हा फोडणीचा वास आला. लसूण, कोकम, आणि कोलंबी. नवरा आतल्या खोलीतून न बोलावता बाहेर आला. आईने तीन ताटं घेतली, भात वाढला, त्यावर कालवण ओतलं. आम्ही बसलो. मी जेवायचं सोडून तिच्या हाताकडे बघत होते. तिने भात कालवला, घास केला आणि स्वतःच्या तोंडात घातला. चावला. गिळला. लगेच दुसरा केला.

"अळणी झालंय गो," ती म्हणाली. "मीठ घालायचंच विसरले. आण जा."

मी आत गेले. मिसळणाचा डबा समोर ओट्यावरच होता. मी त्याच्यावर हात ठेवून, भिंतीकडे तोंड करून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ओढणी तोंडात धरून रडत उभी राहिले.

"काय गो, मीठ सापडत नाही का?" बाहेरून आई ओरडली. "भात निवतोय माझा!"